नेत्रभिंगाची पारदर्शकता आणि प्रथिनांवरील खूण

१. विषयप्रवेश

चेन्नईतील एग्मोर भागात एक जुने सरकारी नेत्ररुग्णालय आहे. १८१९ साली, ह्या शहराला मद्रास म्हणत असत तेव्हा, त्याची स्थापना झाली. केवळ डोळ्यांच्या रोगांसाठी उभारलेल्या जगातील अगदी जुन्या रुग्णालयांत त्याची गणना होते. त्याच सुमारास तेथून दक्षिणेस तंजावरला मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) हेही नेत्ररोगांत लक्ष घालीत होते. त्यांच्या काळात तेथे ज्या रुग्णांवर उपचार झाले त्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील (स्थापना १९७८) डॉक्टरांनी अलीकडे ह्या कागदपत्रांचा अभ्यास करून ती जगापुढे आणली.

ह्या दोन्ही ठिकाणी वैद्यांना ज्या विकाराशी झुंजावे लागले, त्यांतील एक प्रमुख विकार म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यातील स्वच्छ भिंग हळूहळू गढूळ होते, बाहुलीत पांढुरके दिसू लागते आणि माणूस उजेड व अंधार एवढेच ओळखू शकेल अशा अवस्थेला पोहोचतो. आपल्या देशात २०१५ ते २०१९ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढील माणसांना आलेल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आल्याचे आढळले.

जुन्या काळी गावोगाव फिरणारे उपचारक सुईने गढूळ भिंग मागे ढकलून देत. सुश्रुताच्या ग्रंथातही मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एग्मोरच्या रुग्णालयाचे प्रमुख असलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी भिंग ढकलण्याच्या ह्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. ढकलल्यानंतर थोडे दिवस दिसू लागले तरी पुढे पुष्कळ डोळे कायमचे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. आज गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुतेकांची दृष्टी परत येते.

परंतु शस्त्रक्रियेने मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. भिंग गढूळ का होते? हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारावयास हवा : मुळात ते स्वच्छ कसे राहते? कारण भिंग काही काचेचे नाही. त्वचा आणि यकृत यांच्याप्रमाणेच ते जिवंत पेशींचे बनलेले आहे. त्वचेतून आरपार दिसत नाही, मग भिंगातून का दिसावे? गेल्या काही दशकांत ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा हाती आला आहे. पेशी आपल्याच प्रथिनांवर एक लहानशी खूण लावते आणि त्या खुणेवरून काय ठेवायचे व काय मोडायचे हे ठरते. ह्या पुस्तिकेत त्याच धाग्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२. भिंगाची घडण

नेत्रभिंग बुबुळाच्या मागे असते. प्रौढ माणसात त्याचा व्यास सुमारे ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी सुमारे ४ मिलिमीटर भरते. त्याच्याभोवती एक पातळ, लवचिक वेष्टन असते. हे वेष्टन मुख्यतः कोलॅजेन ह्या प्रथिनाच्या एका प्रकाराचे बनलेले असते. कोलॅजेनचे रेणू तीन पेडांच्या दोरीसारखे वळलेले असतात, हे १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी प्रतिपादिले, हे येथे सांगणे उचित होईल.

वेष्टनाच्या आत, पुढच्या बाजूला, पेशींचा एकच थर असतो. त्याला अधिस्तर म्हणतात. अधिस्तराच्या काठाकडील पट्ट्यात पेशींचे विभाजन चालू असते. नव्या पेशी भिंगाच्या कडेला सरकतात आणि तेथे त्यांचे स्वरूप पालटू लागते. त्या लांब लांब होत जाऊन तंतूचे रूप घेतात. अशा तंतुपेशी कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकीवर एक बसत जातात. सर्वांत जुन्या पेशी मध्यभागी आणि सर्वांत नव्या बाहेरच्या बाजूला, असा त्यांचा क्रम असतो. भिंगातून एकही पेशी बाहेर टाकली जात नाही. आईच्या पोटात असताना तयार झालेली तंतुपेशी माणसाच्या मृत्यूपर्यंत भिंगाच्या गाभ्यात राहते. २००८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी भिंगातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण मोजून तेथील प्रथिने जन्माच्या सुमारासच तयार झालेली असतात, हे सिद्ध केले.

पेशीने तंतू व्हावे हे ठरते कशावरून? १९६३ साली कूलॉम्ब्र दांपत्याने एक सुंदर प्रयोग केला. कोंबडीच्या गर्भातील डोळ्याचे भिंग त्यांनी उलटे फिरवून ठेवले. पुढच्या अधिस्तराचे तोंड आता मागे, दृष्टिपटलाकडे झाले. थोड्याच दिवसांत त्या पेशी लांबू लागल्या आणि तंतू बनल्या. म्हणजे मागच्या बाजूच्या द्रवात असे काहीतरी आहे की जे पेशीला तंतू होण्याचा आदेश देते. पुढे १९८९ साली ऑस्ट्रेलियातील मॅकॅव्हॉय आणि चेंबरलेन यांनी उंदरांच्या भिंगावर प्रयोग करून एका वाढकारक प्रथिनाचे कार्य दाखविले. ते थोड्या प्रमाणात मिळाले तर पेशी विभागतात, मध्यम प्रमाणात मिळाले तर स्थलांतर करतात आणि अधिक प्रमाणात मिळाले तर तंतू होतात.

३. पारदर्शकतेची किंमत

तंतू होताना पेशी दोन गोष्टी करते. पहिली गोष्ट म्हणजे ती क्रिस्टॅलिन नावाची प्रथिने प्रचंड प्रमाणात तयार करते. भिंगाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. इतकी दाट प्रथिने शरीरात इतरत्र क्वचितच आढळतात. हे रेणू एकमेकांलगत पण गुठळी न होता, समान रीतीने पसरलेले असल्यामुळे प्रकाश त्यांतून विखुरला न जाता पुढे जातो.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. प्रत्येक पेशीत केंद्रक, तंतुकणिका आणि इतर अंगके असतात. ही अंगके प्रकाश विखुरतात. ती भिंगाच्या मध्यभागी राहिली असती तर आपणांस सर्व काही धुक्यातून पाहिल्यासारखे दिसले असते. म्हणून तंतुपेशी आपले केंद्रक, तंतुकणिका आणि इतर सर्व अंगके मोडून टाकते. केंद्रक गेल्यावर तिला नवे प्रथिन तयार करता येत नाही आणि तंतुकणिका गेल्यावर श्वसनाने मिळणारी ऊर्जाही तिला मिळत नाही. घर बांधून झाल्यावर गवंड्याने आपली सर्व हत्यारे फेकून द्यावीत, तसाच हा प्रकार आहे. जे बांधले ते आता आयुष्यभर दुरुस्तीवाचून टिकले पाहिजे.

ह्यावरून एक अडचण लक्षात येईल. मोडायचे ते पूर्णपणे मोडले पाहिजे, पण क्रिस्टॅलिनला धक्का लागता कामा नये. शिवाय पेशीही मरता कामा नये. कारण मेलेली पेशी भिंगात गढूळपणा आणते. मोडण्याचे हे काम कोठे थांबवायचे, हे पेशी कसे ठरवते?

४. खूण म्हणजे काय?

वनखात्याचे लोक जंगलात तोडावयाच्या झाडांवर हातोड्याने शिक्का मारतात. लाकूडतोड्याने तेवढीच झाडे तोडावयाची असतात. शेजारी उभ्या असलेल्या बिनशिक्क्याच्या झाडाला हात लावावयाचा नसतो. पेशीमध्येही अशीच व्यवस्था आहे. तिच्यातील शिक्का म्हणजे युबिक्विटिन नावाचे एक लहान प्रथिन. ते ७६ ॲमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. १९७५ साली गिडियन गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे केले. ते जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींत आढळते, म्हणून त्याला ‘सर्वत्र’ असा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून हे नाव मिळाले. त्याचे खरे कार्य इस्राएलमधील अव्हराम हेर्श्को व आरोन चिएहानोव्हर आणि अमेरिकेतील अर्विन रोझ यांनी उलगडले. त्याबद्दल ह्या तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्का मारण्याचे काम तीन प्रकारच्या विकरांकडून क्रमाने होते. पहिले विकर ऊर्जा खर्च करून युबिक्विटिनला कार्यक्षम करते. दुसरे त्याला वाहून नेते. तिसरे नेमके कोणत्या प्रथिनावर ते बसवावयाचे हे ओळखून तेथे ते जोडते. पहिल्या प्रकारची विकरे माणसात अगदी मोजकी आहेत, दुसऱ्या प्रकारची काही डझन आहेत आणि तिसऱ्या प्रकारची शेकडो आहेत. साहजिकच, निवडीचे मुख्य काम तिसऱ्या प्रकारच्या विकरांकडे असते.

एका युबिक्विटिनवर दुसरे, त्यावर तिसरे अशी मालिका जोडता येते. मालिका कोणत्या जागी जोडली आहे यावरून तिचा अर्थ बदलतो. अठ्ठेचाळिसाव्या जागेवरील लायसिन ह्या ॲमिनो आम्लातून वाढलेली मालिका ‘हे मोडून टाका’ असे सांगते. त्रेसष्टाव्या जागेवरून वाढलेली मालिका बहुधा दुसरा निरोप देते. तिच्यामुळे प्रथिनाचे स्थान किंवा कार्य पालटते. म्हणून ही खूण म्हणजे केवळ मृत्युपत्र आहे असे समजू नये.

मोडण्याचे काम प्रोटिएसोम नावाचे यंत्र करते. ते पोकळ नळकांड्यासारखे असते. त्याच्या दोन्ही टोकांना बसलेला भाग खूण ओळखतो, युबिक्विटिन काढून परत वापरासाठी सोडून देतो आणि प्रथिनाची घडी उलगडून त्याला आत ढकलतो. आत त्याचे लहान लहान तुकडे होतात. खूण नसलेले प्रथिन सामान्यतः ह्या दारातून आत जात नाही.

५. भिंगाच्या वाढीत खुणेचे कार्य

ही यंत्रणा भिंगात विशेषेकरून अधिस्तरात आणि कडेच्या तरुण तंतुपेशींत कार्यक्षम असते. म्हणजे जेथे पेशींचे रूप पालटते तेथेच तिचा जोर असतो. तिच्या कार्याचे तीन भाग करता येतील.

पहिला भाग विभाजनाचा. पेशीने विभागावे की थांबावे, हे ठरविणारी काही प्रथिने आहेत. त्यांची पातळी वेळोवेळी वाढवावी आणि कमी करावी लागते. तंतू होऊ लागलेल्या पेशीत विभाजनाला आळा घालणाऱ्या प्रथिनांचा साठा होतो व विभाजन थांबते. पी-२७ हे त्यांपैकी एक.

दुसरा भाग केंद्रक मोडण्याचा. अमेरिकेत बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात ॲलन टेलर, फू शांग आणि त्यांचे सहकारी ह्या प्रश्नावर दीर्घकाळ काम करीत आले आहेत. त्यांच्या मते केंद्रक मोडताना पेशी एक जुनीच युक्ती नव्या कामासाठी वापरते. सामान्य विभाजनाच्या वेळी केंद्रकाभोवतीचे पटल तात्पुरते विरघळते. त्यासाठी एका विशिष्ट विकराला चालना मिळावी लागते आणि पी-२७ ती चालना अडवून धरते. तंतुपेशीत योग्य वेळी पी-२७ वर खूण लागते, ते नाहीसे होते, विकर मोकळे होते आणि पटल विरघळते. ह्या वेळी मात्र विभाजन होत नाही. उघड्या पडलेल्या केंद्रकातील डीएनए दुसरे एक विकर कापून टाकते. हे कापणारे विकर नसलेल्या उंदरांना मोतीबिंदू होतो, हे जपानमध्ये नागाता यांच्या गटाने २००३ साली दाखविले होते.

तिसरा भाग अंगकांचा. तंतुकणिकांतील प्रथिने मोडण्यासही प्रोटिएसोमची मदत लागते. कोंबडीच्या गर्भाच्या भिंगात त्याचे काम औषधाने रोखले तर ती प्रथिने अधिक काळ टिकून राहतात, असे बॅसनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांवरून दिसते. तथापि सर्व श्रेय ह्या खुणेला देणे योग्य होणार नाही. २०२१ साली टोकियोतील मिझुशिमा यांच्या गटाने असे सिद्ध केले की अंगकांची पटले फोडण्याचे काम चरबीयुक्त द्रव्ये तोडणारी विकरे करतात. म्हणजे भिंति पाडणारे कामगार वेगळे आणि आतील सामान खूण पाहून हलविणारे वेगळे.

६. खूण बिघडवून पाहिली तर?

एखाद्या यंत्रातील भागाचे काम समजून घ्यावयाचे असेल, तर तो भाग मुद्दाम बिघडवून पाहणे ही विज्ञानाची एक रूढ पद्धत आहे. टफ्ट्समधील संशोधकांनी उंदरांच्या भिंगात एक बदललेले युबिक्विटिन निर्माण होईल अशी योजना केली. त्याच्या साखळीतील सहाव्या जागेवरील लायसिनऐवजी ट्रिप्टोफॅन घातले होते. ७६ पैकी एवढाच एक फरक. असा शिक्का प्रथिनावर बसतो. पण प्रोटिएसोमला तो नीट मानवत नाही, त्यामुळे खूण लागलेली प्रथिने मोडली न जाता साचतात.

परिणाम २०१० आणि २०१५ साली प्रसिद्ध झाले. ह्या उंदरांची भिंगे लहान राहिली. तंतुपेशींची मांडणी विसकटली, ज्या केंद्रकांनी नाहीसे व्हावयास हवे होते ती शिल्लक राहिली आणि भिंग गढूळ झाले. पेशींतील कॅल्शियमची पातळी वाढली, त्यामुळे प्रथिने तोडणारे दुसरे एक विकर अनावर झाले आणि त्याने भलतीच प्रथिने तोडली. हा निष्कर्ष बोधप्रद आहे. खुणेची यंत्रणा मंदावली म्हणून मोडतोड थांबली असे झाले नाही. योग्य मोडतोड थांबली आणि अयोग्य मोडतोड सुरू झाली.

७. चेन्नईतील काही कुटुंबे

मोतीबिंदू हा केवळ म्हातारपणाचा विकार नाही. काही बालके तो घेऊनच जन्माला येतात. अशा बालकाच्या डोळ्यात वेळेवर स्वच्छ प्रतिमा पडली नाही, तर मेंदू पाहण्यास शिकतच नाही आणि पुढे भिंग काढले तरी पुरती दृष्टी येत नाही. म्हणून येथे महिन्यांचा नव्हे, आठवड्यांचा प्रश्न असतो.

चेन्नईच्या तारामणी भागातील मद्रास विद्यापीठाच्या मूलभूत वैद्यक संस्थेत डॉ. एस. टी. सान्थिया यांनी जर्मनीतील योखेन ग्राव आणि इतर सहकाऱ्यांच्या साह्याने आनुवंशिक मोतीबिंदू असलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात गॅमा क्रिस्टॅलिनच्या जनुकांतील नवे दोष वर्णिले आहेत. एका दोषात साखळीच्या सुरुवातीजवळच्या एका प्रोलिनच्या जागी थ्रिओनिन आलेले होते. दुसऱ्यात साखळी तिच्या शेवटाजवळ मधेच तुटलेली होती.

पहिला दोष विशेष विचार करावयास लावणारा आहे. पुढील संशोधनात असे आढळले की ह्या बदललेल्या प्रथिनाची घडी जवळजवळ मूळच्यासारखीच असते आणि ती टिकाऊही असते. फक्त त्याची विद्राव्यता पुष्कळ कमी होते आणि ते साक्यासारखे खाली बसते. आता खूण लावणारी विकरे बिघडलेले प्रथिन ओळखतात ती मुख्यतः त्याच्या उलगडलेल्या, उघड्या पडलेल्या भागांवरून. ज्या प्रथिनाची घडी शाबूत आहे ते ह्या पहारेकऱ्यांच्या नजरेस सहज पडण्याचे कारण नाही, असा तर्क येथे करता येतो. प्रथिनांच्या साखळीला कोणत्या घड्या पडू शकतात याचा जगप्रसिद्ध आलेख १९६३ साली ह्याच विद्यापीठात रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी तयार केला होता. घडी हा प्रथिनाचा प्राण होय; पण घडी योग्य असूनही प्रथिन घातक ठरू शकते, हे त्याच शहरात सापडलेल्या ह्या उदाहरणाने शिकविले.

८. उतारवयातील भिंग

वृद्धापकाळी होणारा मोतीबिंदू पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतो. भिंगाच्या गाभ्यातील तंतूंना नवे प्रथिन करता येत नाही हे आपण पाहिले. तेथे खुणेची यंत्रणाही क्षीण झालेली असते. म्हणून गाभ्याचे रक्षण दुसऱ्या एका उपायावर अवलंबून असते. अल्फा क्रिस्टॅलिन हे प्रथिन बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवते आणि त्यांची गुठळी होऊ देत नाही. हे कार्य होरविट्झ यांनी १९९२ साली दाखविले. पण अल्फा क्रिस्टॅलिनचा साठा जन्माच्या वेळी मिळालेला असतो, तो हळूहळू संपत जातो. सूर्याचे अतिनील किरण, धूम्रपान, मधुमेह आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे ह्या प्रथिनांची हानी वाढवितात.

ह्यावरून एक आशा वाटते. कडेच्या तरुण पेशींतील खुणेची यंत्रणा अधिक काळ सक्षम ठेवता आली, तर मोतीबिंदू लांबविता येईल काय? ह्या दिशेने प्रयत्न चालू आहेत. परंतु मोतीबिंदू बरा करणारे सिद्ध औषध अद्याप नाही. डोळ्यात थेंब घालून तो विरघळविण्याची जाहिरात कोणी केली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. शस्त्रक्रिया हाच आजचा खात्रीचा उपाय आहे.

९. उपसंहार

भिंगाची स्वच्छता ही काही फुकट मिळालेली देणगी नव्हे. ती प्रत्येक पेशीने स्वतःचा बहुतेक भाग मोडून मिळविलेली असते. ते मोडणे आंधळे नसते. ७६ दुव्यांच्या एका लहान प्रथिनाची खूण त्यात कोणते काढावयाचे आणि कोणते राखावयाचे हे ठरविते. तंजावरच्या चित्रकाराने रंगवलेला गढूळ डोळा आणि तारामणीच्या प्रयोगशाळेत वाचलेले जनुक, ह्या दोहोंमध्ये सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे. परंतु दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न एकच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भिंगातील तंतुपेशींना आपली अंगके का मोडावी लागतात? त्यामुळे कोणती अडचण उत्पन्न होते?
२. कूलॉम्ब्र दांपत्याच्या प्रयोगात भिंग उलटे का फिरविले? त्यावरून काय सिद्ध झाले?
३. वनखात्याच्या शिक्क्याची उपमा युबिक्विटिनला कोठपर्यंत लागू पडते आणि कोठे अपुरी पडते?
४. बदललेल्या युबिक्विटिनच्या प्रयोगात मोडतोड थांबण्याऐवजी भलतीच मोडतोड का झाली?
५. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बालकाची तपासणी व उपचार लवकर होणे का अगत्याचे आहे?